सायटिकाचे ऑपरेशन आणि चाचण्यांचे आकडे: 'फरक नाही' म्हणजे नेमके काय?

मध्यक (धागाकर्ता)

नमस्कार. माझी धाकटी बहीण सांगलीत खानावळ चालवते. सहा आठवड्यांपूर्वी पिठाचा डबा उचलताना तिच्या कमरेत उसण भरली आणि तिसऱ्या दिवसापासून डाव्या कुल्ल्यातून निघालेली कळ मांडी व पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाऊ लागली. अशा कळेलाच सायटिका म्हणतात. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या चकतीचा तुकडा डावीकडे बाहेर येऊन नसेला टेकलेला दिसतो. एका सर्जनांनी ऑपरेशन सुचवले आहे. मामांचे म्हणणे 'मणक्याला सुरी लावायची नाही' एवढेच आहे. त्यातच भाच्याने घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक ओळ टाकली, की अमेरिकेतल्या मोठ्या संशोधनात ऑपरेशन केल्याने काहीही फरक पडत नाही असे सिद्ध झाले आहे.

मी एका औषध कंपनीत चाचण्यांच्या सांख्यिकीचे काम करतो. मणका हा माझा विषय नाही. परंतु ती ओळ मला स्वस्थ बसू देईना, कारण तिच्यामागचे संशोधन खरे आहे आणि तिचा अर्थ मात्र भलताच लावलेला आहे. म्हणून मूळ निबंध वाचले. हाती लागले ते येथे मांडतो. या क्षेत्रातील जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

त्या संशोधनाचे नाव 'स्पाइन पेशंट आउटकम्स रिसर्च ट्रायल' असून आद्याक्षरांवरून त्याला 'स्पोर्ट' म्हणतात. डार्टमथ येथील जेम्स वाइनस्टाइन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील ११ राज्यांतल्या १३ केंद्रांवर मार्च २००० पासून त्यात रुग्ण घेतले जाऊ लागले. चकतीच्या तुकड्यामुळे किमान सहा आठवडे त्रास होत असलेले एकूण १,२४४ रुग्ण त्यात सहभागी झाले. त्यांपैकी ५०१ जणांनी 'ऑपरेशन करायचे की नाही ते चिठ्ठी ठरवेल' ही अट मान्य केली, तर ७४३ जणांनी आपला निर्णय आपणच घेतला आणि केवळ नोंदी ठेवण्यास संमती दिली. निष्कर्ष नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले.

खरी गोम पुढे आहे. चिठ्ठीत ऑपरेशन निघालेल्यांपैकी दोन वर्षांत फक्त ६० टक्के लोकांनी ते करून घेतले, आणि ज्यांच्या चिठ्ठीत ऑपरेशन नव्हते त्यांपैकी ४५ टक्के लोक शेवटी टेबलावर गेलेच. आमच्या शास्त्राचा नियम असा, की माणसाने प्रत्यक्षात काहीही केले तरी ज्या गटात त्याची चिठ्ठी निघाली त्याच गटात तो मोजायचा. हा नियम उगाच केलेला नाही, कारण चिठ्ठीमुळे दोन्ही गट सारखे राहतात, आणि लोकांच्या मर्जीप्रमाणे गट बदलू दिले तर ती समानता जाते. परंतु इतकी सरमिसळ झाल्यावर नियमाप्रमाणे केलेली मोजणी काय सांगणार? एका पातेल्यात मीठ घातलेली आमटी आणि दुसऱ्यात अळणी आमटी ठेवावी, जवळजवळ निम्मी इकडची तिकडे ओतावी, मग दोन्हींची चव घेऊन 'मिठाने फरक पडत नाही' असे म्हणावे, तसे हे झाले. (बहिणीला हा दाखला लगेच पटला, भाच्याला नाही.) दोन्ही गट चांगले सुधारले आणि मुख्य मोजमापांत ऑपरेशनकडे झुकणारा जो थोडा फरक दिसला, तो सांख्यिकीच्या कसोटीला उतरला नाही, एवढेच तो निबंध म्हणतो.

उलट, प्रत्यक्षात ज्याला जो उपचार मिळाला त्यानुसार मोजले तर ऑपरेशनचा फायदा ठळक दिसतो. पण तेथे चिठ्ठीचे संरक्षण संपलेले असते. त्रास असह्य झाला म्हणून टेबलावर गेलेला माणूस आणि वाट पाहता पाहता बरा झाला म्हणून न गेलेला माणूस यांची तुलना करून तराजू कोणत्या बाजूला झुकला हे खात्रीने सांगता येत नाही. ऑपरेशनचे समर्थक हा दुसरा आकडा दाखवतात, विरोधक पहिला दाखवतात, आणि दोघेही एकाच संशोधनाचे नाव घेतात.

माझ्या मते याहून उपयोगाची चाचणी नेदरलँड्समधील आहे. विल्को पॉल आणि सहकाऱ्यांनी लायडन व द हेग परिसरातील २८३ रुग्ण घेतले, ज्यांचा तीव्र सायटिका ६ ते १२ आठवडे जुना होता. मे २००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. त्यांनी प्रश्नच निराळा विचारला: लवकर ऑपरेशन करावे, की थांबून पाहावे आणि गरज पडली तरच करावे? लवकरच्या गटातील १४१ पैकी १२५ जणांचे ऑपरेशन सरासरी सव्वादोन आठवड्यांत झाले. थांबणाऱ्या १४२ पैकी ५५ जणांना, म्हणजे ३९ टक्क्यांना, पुढे ते करावे लागले, तेही सरासरी अठरा-एकोणीस आठवड्यांनी. वर्षअखेर दोन्ही गटांतील ९५ टक्के लोकांनी आपण बरे झालो असे सांगितले. मात्र बरे वाटेपर्यंत लागलेल्या काळाचा मध्यक, म्हणजे निम्मे लोक ज्याच्या आत बरे झाले तो काळ, लवकरच्या गटात ४ आठवडे आणि थांबणाऱ्यांत १२.१ आठवडे होता.

'वर्षाने फरक नाही' आणि 'मधले आठ आठवडे निराळे गेले' ही दोन्ही वाक्ये एकाच तक्त्यातून निघतात. ते आठ आठवडे कोणाच्या आयुष्यातले आहेत हे भाच्याच्या ओळीत येत नाही, असे मला वाटते. प्रत्यक्ष रुग्ण पाहणाऱ्यांनी कृपया बोलावे.

थेट_बोल

तुमचा अभ्यास चांगला आहे, परंतु एक मूलभूत गोष्ट तुम्ही टाळलीत. ज्याची कमाई ऑपरेशनवर अवलंबून आहे त्याने 'ऑपरेशन करा' असे सांगितले, तर त्या सल्ल्याला किती वजन द्यायचे? माझ्या ओळखीतल्या तिघांना तीन ठिकाणी एमआरआय पाहताक्षणी ऑपरेशन सुचवले गेले. तिघांनीही केले नाही. तिघेही आज चालते-फिरते आहेत.

मध्यक

आपली शंका रास्त आहे आणि एमआरआयच्या बाबतीत तर पुरावा आपल्याच बाजूचा आहे. १९९४ साली पाठीचे काहीही दुखणे नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले असता केवळ ३६ टक्के लोकांच्या सगळ्या चकत्या निर्दोष निघाल्या. ५२ टक्क्यांच्या निदान एका चकतीला फुगवटा होता. २०१५ मध्ये अशा ३३ निबंधांतील ३,११० दुखणे नसलेल्या माणसांचा एकत्र हिशेब झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. तेव्हा केवळ चित्रावरून ऑपरेशन सुचवणे चुकीचेच आहे. फक्त 'तिघेही बरे आहेत' यावरून काही ठरत नाही, कारण डच चाचणीत थांबणाऱ्यांपैकी ६१ टक्के लोक ऑपरेशनविनाच राहिले होते. तुमचे तिघे त्या ६१ टक्क्यांतले असणार.

फिजिओ_आजी

मी कोल्हापुरात ३४ वर्षे फिजिओथेरपी केली आणि आता निवृत्त आहे. आधी एक शब्दाची तक्रार नोंदवते. 'गादी सरकली' हा आपल्याकडचा शब्दप्रयोग रुग्णाला विनाकारण घाबरवतो. चकती दोन मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, ती सरकत नाही. तिच्या बाहेरच्या कड्यांना चीर पडून आतला मऊ भाग बाहेर येतो. 'सरकली' म्हटले की ती परत जागेवर बसवणारा कोणीतरी शोधला जातो, आणि मग पाठीवर पाय देणाऱ्यांपासून लटकवणाऱ्यांपर्यंत सगळे दारात उभे राहतात.

दुसरी गोष्ट फळीवर झोपण्याची. माझ्या उमेदीच्या काळात तीन आठवडे फळीवर पडून राहा, पायाला वजने लावा, असा सर्रास सल्ला असे आणि मीही तो दिला आहे. १९९९ साली नेदरलँड्समध्येच १८३ सायटिका रुग्णांवर याची चाचणी झाली. दोन आठवडे अंथरुणावर राहिलेल्यांपैकी ७० टक्के आणि हिंडत-फिरत राहिलेल्यांपैकी ६५ टक्के तेवढ्या काळात सुधारले, आणि बारा आठवड्यांनी दोन्हीकडे ८७ टक्के. तो निबंध वाचल्यावर मला अनेक जणांचे चेहरे आठवले, ज्यांचे मी रजेचे अर्ज भरून दिले होते.

धागाकर्त्यांना माझा सल्ला असा, की बहिणीकडून ऑस्वेस्ट्री प्रश्नावली भरून घ्या. १९८० साली इंग्लंडमध्ये तयार झालेली ही प्रश्नावली पाठीच्या जवळजवळ सगळ्या चाचण्यांत वापरली जाते, आणि तिच्या मराठी आवृत्तीची कसोटी घेणारा अभ्यास २०१३ साली 'स्पाइन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला आहे. दहा भाग असतात: वेदना, स्वतःची कामे, वजन उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, लैंगिक जीवन, सामाजिक जीवन, प्रवास. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरीज ५० पैकी, त्याची टक्केवारी काढायची. जितके गुण जास्त तितकी अडचण जास्त. 'कसे वाटते?' या प्रश्नावर आपल्याकडे 'बरे आहे' असेच उत्तर येते. 'किती वेळ उभे राहू शकता?' यावर माणूस खरे बोलतो. लैंगिक जीवनाचा भाग आमच्याकडे बहुतेक बायका रिकामा सोडत. तसा सोडला तर बेरीज ४५ पैकी धरायची, ५० पैकी नव्हे. नाहीतर आकडा खोटा कमी दिसतो.

अस्थिपंजर

मी नाशिकला मणक्याची ऑपरेशने करतो, तेव्हा थेट_बोल यांच्या हिशेबाने माझ्या म्हणण्याला वजन कमी द्यावे, हरकत नाही.

प्रथम सर्वांत महत्त्वाचे. बसण्याच्या जागेची, म्हणजे सायकलच्या सीटला जेवढा भाग टेकतो तेवढ्या भागाची संवेदना गेली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा सुटला, तर वर चर्चिलेली एकही चाचणी लागू होत नाही. अशा रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. पाऊल लुळे पडत चालले असेल, म्हणजे काल टाचेवर चालता येत होते आणि आज येत नाही, तर तेथेही वाट पाहण्याचा सल्ला मी देणार नाही. वरच्या चाचण्या नस चिमटली आहे, दुखते आहे, पण पाय आणि लघवी शाबूत आहेत अशा लोकांसाठी आहेत.

'स्पोर्ट'मध्ये इतकी सरमिसळ का झाली, हे प्रत्यक्ष ओपीडीत बसल्यावर कळते. वेदनेने रात्र रात्र बसून काढणाऱ्या माणसाला 'तुझी चिठ्ठी ऑपरेशन नाही अशी निघाली' असे सांगून सहा महिने थोपवता येत नाही. नैतिकदृष्ट्याही ते योग्य नाही, म्हणून गट बदलण्याची मुभा ठेवावीच लागते. जो बरा होत चालला आहे त्याला 'तुझ्या चिठ्ठीत ऑपरेशन आहे, चल' असेही म्हणता येत नाही. औषधाच्या चाचणीत गोळी कोणती हे रुग्णाला कळत नाही, येथे पाठीवर टाके आहेत की नाहीत हे त्याच्या बायकोलाही कळते.

धागाकर्त्यांनी घेतली नाही अशी एक चाचणी सांगतो. कॅनडातील लंडन, ओंटारिओ येथे ४ ते १२ महिने सायटिका भोगलेल्या १२८ रुग्णांवर ती झाली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी पायाच्या वेदनेचे दहापैकी गुण ऑपरेशनच्या गटात २.८ आणि दुसऱ्या गटात ५.२ होते. दुसऱ्या, म्हणजे ऑपरेशनविना उपचारांच्या, गटातील साधारण एकतृतीयांश लोकांनीही पुढे ऑपरेशन करून घेतले. याचा अर्थ मी असा घेतो, की सहा आठवड्यांच्या दुखण्यात निसर्गाला संधी द्यावी, परंतु चार-पाच महिने झाल्यावर 'अजून थोडे थांबू' म्हणत राहण्यात फारसे पदरात पडत नाही.

निसर्गाला संधी द्यावी असे म्हणतो त्याला कारण आहे. बाहेर आलेला तुकडा शरीर हळूहळू शोषून घेते, आणि गंमत अशी की तुकडा जितका मोठा आणि सुटा, तितकी तो विरून जाण्याची शक्यता अधिक. नुसता फुगवटा मात्र बहुधा तसाच राहतो. आम्ही काढतो तेव्हा तो पदार्थ पांढरट, तंतुमय, चिवट असतो, उकडलेल्या खेकड्याच्या आतल्या गराची आठवण व्हावी असा. नातेवाइकांना डबीत दाखवला की 'एवढाच?' असे हमखास विचारतात. आमच्या करंगळीच्या पेराएवढ्या त्या तुकड्याने माणूस तीन महिने आडवा पडलेला असतो.

द_हेगकर

मी मूळचा साताऱ्याचा, गेली अकरा वर्षे द हेगमध्ये आहे आणि चार वर्षांपूर्वी हेच दुखणे मला झाले. येथे आधी कुटुंबाच्या डॉक्टरकडे जावे लागते. त्याच्या चिठ्ठीशिवाय विशेषज्ञ भेटत नाही. त्याने पायाचे अंगठे वर उचलायला लावले, पाय सरळ उचलून पाहिला, लघवीविषयी दोनदा विचारले आणि एमआरआय न काढता वेदनाशामक गोळ्या देऊन घरी पाठवले. मी आईला फोनवर हे सांगितले तेव्हा तिचा विश्वास बसेना. 'फोटोसुद्धा काढला नाही?' हे तिने तीन वेळा विचारले.

मी थांबलो. अकराव्या आठवड्यात एके सकाळी मोजे घालताना लक्षात आले की आज आपण वाकलो आहोत. परंतु ते अकरा आठवडे मला पूर्ण पगारी आजारपणाची रजा होती, मालकाने कधी विचारले नाही, आणि घरी बसून काम करता आले. येथे थांबणे परवडते, म्हणून येथील लोक थांबतात. खानावळ चालवणाऱ्या बाईला ते जमेल का, हा प्रश्न डच चाचणीत नाही.

एक पुरवणी. पॉल यांच्याच रुग्णांपैकी २६७ जणांचे वर्षभराने पुन्हा एमआरआय काढले गेले. चांगले बरे झालेल्यांपैकी ३५ टक्के लोकांत तुकडा अजून दिसत होता, आणि बरे न झालेल्यांत ३३ टक्के. माझ्याही मनात 'आत अजून असेल का?' ही धास्ती होती; तो आकडा वाचल्यावर पुन्हा एमआरआय काढण्याचा विचार सोडला.

नलू_ठाणे

येथे सर्वजण पायाच्या कळेबद्दल बोलत आहेत, म्हणून थोडे अवांतर वाटेल. माझा पाय कधीच दुखला नाही, फक्त कंबर. पाच वर्षांपूर्वी दोन मणके चार स्क्रू आणि दोन सळ्या घालून जोडण्याचे ऑपरेशन झाले. रुग्णालयाचे नाव घेण्यात अर्थ नाही. ऑपरेशनपूर्वी मला 'नव्वद टक्के यश' असे सांगितले होते. नंतरच्या एक्स-रेवर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले, 'बघा, हाड किती सुंदर जुळले आहे.' हाड जुळले, हे खरेच आहे. माझी कंबर मात्र जशी दुखत होती तशीच दुखते. मला जाणून घ्यायचे आहे, की माझेच नशीब वाईट की आकडेच तसे आहेत?

मध्यक

नलूताई, आपण अवांतर बोललेला नाहीत. उलट या धाग्यात मी जी सरमिसळ केली ती आपण उघडी पाडलीत. चिमटलेल्या नसेमुळे पाय दुखणे आणि झिजेमुळे केवळ कंबर दुखणे यांचे पुरावे पूर्ण वेगळे आहेत.

कंबरदुखीसाठी मणके जोडण्याच्या तीन चाचण्या नेहमी समोर येतात. स्वीडनमधील २९४ रुग्णांची २००१ ची चाचणी ऑपरेशनच्या बाजूने गेली: ६३ टक्के लोकांनी स्वतःला 'बरे' किंवा 'खूप बरे' म्हटले, दुसऱ्या गटात २९ टक्क्यांनी. पण तो दुसरा गट जी साधी फिजिओथेरपी करून आधीच थकला होता, तीच त्याला पुन्हा दिली गेली. दोन वर्षांनी नॉर्वेत ६४ रुग्णांवर चाचणी झाली, तेव्हा दुसऱ्या गटाला नियोजनबद्ध व्यायाम आणि 'वाकलात तर मणका मोडणार नाही' अशी भीती घालवणारे समुपदेशन दिले. तेथे फरक नाहीसा झाला. मग २००५ मध्ये ब्रिटनची ३४९ रुग्णांची चाचणी आली. ऑस्वेस्ट्रीचे गुण ऑपरेशनच्या गटात ४६.५ वरून ३४ वर आले आणि भरगच्च व्यायाम कार्यक्रमाच्या गटात ४४.८ वरून ३६.१ वर.

म्हणजे जोडणीनंतरही सरासरी माणूस ३४ वर राहतो, शून्यावर येत नाही. 'नव्वद टक्के यश' हा आकडा मला वाटते हाड जुळण्याचा असावा. हाड जुळणे हे सर्जनचे मोजमाप आहे, आपले मोजमाप किती वेळ उभे राहता येते हे आहे, आणि ही दोन्ही एकमेकांशी फारशी बांधलेली नाहीत. आपल्याला तो आकडा कशाचा आहे हे सांगितले गेले नाही, हा दोष नशिबाचा नव्हे.

अस्थिपंजर

धागाकर्त्यांशी मी सहमत आहे, फक्त एक भर. मणका पुढे घसरलेला असणे, अपघात, जंतुसंसर्ग, गाठ, वाढत जाणारा बाक ही कारणे निराळी, आणि तेथे जोडणीला पर्याय नसतो असेही प्रसंग असतात. तरीही घसरलेल्या मणक्याबाबतसुद्धा आमची सवय पुराव्याच्या पुढे धावली होती, हे मान्य केले पाहिजे. उतारवयात मणक्यातली नसांची नळी अरुंद झाल्यावर ती मोकळी करण्यासोबत स्क्रू घालावेत की नाही, यावर एप्रिल २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड'च्या एकाच अंकात दोन चाचण्या आल्या. स्वीडनच्या २४७ रुग्णांत स्क्रूंचा फायदा दिसला नाही. अमेरिकेच्या ६६ रुग्णांत थोडा दिसला. पुढे २०२१ मध्ये नॉर्वेतील २६७ रुग्णांत, मणका घसरलेला असतानाही, नुसती नळी मोकळी केलेल्यांपैकी ७१.४ टक्के आणि स्क्रू घातलेल्यांपैकी ७२.९ टक्के लोकांत अपेक्षित सुधारणा झाली. मी स्वतः त्या निबंधानंतर स्क्रू कमी वापरू लागलो. ते आधीच का केले नाही, याचे प्रामाणिक उत्तर असे की ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सगळे वापरत होते.

थेट_बोल

डॉक्टरसाहेबांनी हे उघडपणे लिहिले याबद्दल त्यांचे आभार. एक शंका उरते. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी असते, तशी ऑपरेशनची 'साखरेची गोळी' कोणी दिली आहे का? माणसाला नुसती चीर पाडून टाके घातले तरी बरे वाटेल.

मध्यक

अगदी नेमका प्रश्न आहे. पिचलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपचाराबाबत हे झालेले आहे. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ७८ आणि अमेरिकेतील एका गटाने नेतृत्व केलेल्या १३१ रुग्णांच्या दोन चाचण्यांत निम्म्यांना खरे सिमेंट आणि निम्म्यांना केवळ त्याचा देखावा मिळाला. खोलीत सिमेंटचा वाससुद्धा सोडला होता. दोन्ही गट सारखेच सुधारले. 'स्पोर्ट'मध्ये किंवा डच चाचणीत असा देखावा नव्हता, त्यामुळे ऑपरेशनचा जो फायदा दिसतो त्यात अपेक्षेचा वाटा किती, हे त्या चाचण्यांतून वेगळे काढता येत नाही. लवकरच्या गटाला ४ आठवड्यांत बरे वाटले, त्यांतले काही दिवस 'आता माझे ऑपरेशन झाले' या दिलाशाचे असू शकतील. बहिणीला मी हेही सांगितले. ती म्हणाली, 'दिलासा असेल तर दिलासा, मला चुलीसमोर उभे राहायचे आहे.'

फिजिओ_आजी

त्या प्रश्नावलीचे काय झाले, ते सांगितले नाहीत.

मध्यक

आजी, भरून घेतली होती. एक भाग तिने अपेक्षेप्रमाणे रिकामा सोडला. उरलेल्या ४५ पैकी २७, म्हणजे ६० टक्के. उभे राहण्याच्या प्रश्नावर तिने दहा मिनिटांच्या पर्यायावर खूण केली आणि शेजारी पेन्सिलीने लिहिले, 'पोळ्या आठ, मग बसते.'

आम्ही असे ठरवले, की आणखी चार आठवडे थांबायचे, रोज टाचेवर दहा पावले चालून पाहायचे, डॉक्टरसाहेबांनी सांगितलेली धोक्याची लक्षणे फ्रिजवर चिकटवायची, आणि दहाव्या आठवड्याच्या सोमवारी पुन्हा तीच प्रश्नावली भरायची. ते सुचवणारे सर्जनही या योजनेला तयार झाले, याची नोंद थेट_बोल यांच्यासाठी करतो.

मध्यक (काही आठवड्यांनंतर)

पुढे काय झाले ते कळवायला हवे म्हणून लिहितो. दहाव्या आठवड्यात ४५ पैकी २४ गुण आले, म्हणजे ५३ टक्के. साधारण दहा गुणांचा फरक पडला तर तो रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात. हा सातचा होता. वसतिगृहाच्या साठ मुलींचे डबे तिच्याकडे आहेत आणि जूनमध्ये नवा करार होणार होता. निर्णय तिने एकटीने घेतला. मामांना आदल्या रात्री कळवले. ऑपरेशन सूक्ष्मदर्शकाखाली, तासाभराचे झाले, आणि डबीतला तुकडा पाहून मीही 'एवढाच?' असे विचारलेच.

काल सहावा आठवडा पूर्ण झाला. ४५ पैकी ८, म्हणजे १८ टक्के. पायाची कळ पहिल्याच रात्री गेली. कंबर संध्याकाळी भरून येते, आणि डावा अंगठा अजून बधिर आहे. चप्पल निसटली तरी तिला कळत नाही.

अस्थिपंजर

कळ आधी जाते, बधिरपणा सर्वांत शेवटी, आणि कधी कधी थोडा कायमचाही राहतो. अंगठा वर उचलण्याची ताकद दोन्ही पायांत सारखी आहे ना, एवढे तपासून घ्या. चपलेला मागून पट्टा असलेली घालावी. स्वयंपाकघरात ओल्या फरशीवर पाय घसरणे तिला परवडणार नाही. पिठाचा डबा अजून सहा आठवडे दुसऱ्या कोणीतरी उचलावा.

मध्यक

ताकद सारखी आहे, काल आजींनी फोनवर सांगितल्याप्रमाणे तपासली. डबा भाचा उचलतो.